साडेचारचा सूर्यास्त

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या धाकट्या चिरंजीवाचा विवाह झाला आणि पंधरा दिवसांच्या आत तो अमेरिकेत, न्यू जर्सीतील एडिसन येथे, आपल्या नोकरीवर परतला. सूनबाईचा व्हिसा हाती पडेपर्यंत मे महिना उजाडला. मधले तीन महिने ती नगरला आमच्यापाशी राहिली. ती सनदी लेखापाल. पुण्यातील नोकरी तिने विवाहापूर्वीच सोडली होती. आमच्या थोरल्या बंधूंच्या भुसार अडतीच्या वह्या तिने सहज चाळल्या आणि त्यांत दोन चुका काढल्या. बंधू आठ दिवस त्याचेच कौतुक सांगत होते. आमच्या घराण्यात व्यापार सोडून नोकरीत गेलेला मी एकटाच. एम.कॉम. होऊन राष्ट्रीयीकृत बँकेत 36 वर्षे काढली. तेव्हा हिशेब कळणारी सून घरात आली याचा आनंद मला अंमळ अधिकच झाला.

सूनबाईला लहानपणापासून चौविहाराचा नियम आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. परदेशी हा नियम कसा टिकणार, अशी शंका नातलगांनी बोलून दाखवली होती. परंतु पहिला उन्हाळा सुखाचा गेला. जूनमध्ये तिकडे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. चिरंजीव न्यू यॉर्कमधील कार्यालयातून साडेसहाला घरी येई, सातला दोघे जेवत आणि जेवून फिरायला निघाले तरी उजेड शिल्लक असे. तिथल्या ओक ट्री रोडवर आपल्याकडचा सारा किराणा मिळतो. रविवारी फ्रँकलिन टाऊनशिपच्या जैन मंदिरात जाणे होई; तिथल्या पाठशाळेत सूनबाई लहान मुलांना विनामूल्य शिकवू लागली होती. आम्ही हे सारे व्हिडिओ कॉलवर पाहत होतो आणि निर्धास्त होतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास मागे घेतात. हे मला ऐकून ठाऊक होते. त्याचा कुणाच्या संसाराशी संबंध असेल, असे कधी मनात आले नव्हते. शनिवारी सहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पाचच्या आत मावळला. डिसेंबरात तर साडेचारलाच सूर्यास्त. आपल्या नगरला हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या आसपास आणि उन्हाळ्यात सातच्या आसपास. वर्षभरात फरक पडला तर तास-सव्वा तासाचा. तिकडे तो घड्याळाने चार तासांचा होतो. चिरंजीवाची घरी पोहोचण्याची वेळ मात्र साडेसहाचीच राहिली.

"पप्पा, हल्ली मी चारलाच जेवून घेते," असे सूनबाई फोनवर सहज म्हणाली. मी म्हणालो, "शाबास!" आणि दुसऱ्या दिवशी स्थानकात चार जणांना ती गोष्ट अभिमानाने सांगितली. त्यानंतर जो भेटेल त्याला सांगत राहिलो. सुनेच्या नियमाचे श्रेय सासऱ्याने घेण्याचा हा प्रकार आपल्या समाजात नवा नाही. मीही त्याला अपवाद ठरलो नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही उभयता सहा आठवड्यांसाठी तिकडे गेलो. पहिल्याच दिवशी दुपारी पावणेचारला ताटे मांडली गेली. प्रवासाच्या शिणाने भूक नव्हती, तरी आम्ही बसलो. सूनबाई म्हणाली, "आज फार छान वाटतंय. चौघे नाही, तरी तिघे तरी आहोत." मी हसून दाद दिली. सौभाग्यवती मात्र हसल्या नाहीत. साडेसहाला चिरंजीव आला, स्वतःचे ताट मायक्रोवेव्हमध्ये गरम करून टेबलाशी बसला आणि मोबाईल पाहत जेवला. सूनबाई तेव्हा आतल्या खोलीत होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दोघांत भांडण म्हणावे असे काही नव्हते. विवाहाला वर्षही झाले नव्हते आणि त्यांची ताटे वेगळी पडली होती, इतकेच.

चौथ्या दिवशी सौभाग्यवती मला म्हणाल्या, "अहो, सगळ्या गावाला सांगत फिरलात. ती कोणाबरोबर जेवते, हे एकदा तरी विचारलंत का?"

मी विचारले नव्हते.

सूनबाईचा व्हिसा एच-4, म्हणजे नोकरदार पतीवर अवलंबून असलेल्या पत्नीचा. त्यावर शिकता येते, वाहन चालवण्याचा परवाना काढता येतो. पण कमावता येत नाही. 2015 पासून यातील काहींना काम करण्याची अनुमती मिळते, परंतु सामान्यतः त्यासाठी पतीच्या ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतील आय-140 हा अर्ज मंजूर झालेला असावा लागतो. आमच्या चिरंजीवाचा तो टप्पा अजून दूर आहे. पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांचे ताळेबंद तपासणारी मुलगी सकाळी सातपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत दोन खोल्यांच्या घरात एकटी. बाहेर गोठवणारी थंडी. दिवसात बोलण्यासारखी जी एक वेळ, जेवणाची, तीही घड्याळ मागे सरकले तशी हातची गेली.

स्वयंपाकघराच्या कप्प्यात चहाची भुकटी शोधताना माझ्या हाती एक वही लागली. खर्चाची वही. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने ती उघडली नसती तरच नवल. सुवाच्य अक्षर, रोजची बेरीज, महिनाअखेरची शिल्लक. पैशाचाही घोळ नाही. मी मनात वाहवा केली. मग लक्षात आले की पानाला दोन रकाने आहेत, एक 'घर' आणि दुसरा 'माझे'. दुसऱ्या रकान्यात सहा महिन्यांत अकरा नोंदी होत्या. केसांचे तेल. लोकरी टोपी. ऑगस्टमधील एक नोंद होती: 'राखीचे टपाल'.

भावाला पाठवलेली राखी तिने घरखर्चात धरली नव्हती.

न विचारता वही पाहिली, हे मी तिला सांगितले आणि मग विचारले, "ही कशासाठी लिहितेस?" ती सहजपणे म्हणाली, "पप्पा, पैसे त्यांचे आहेत. हिशेब नको का द्यायला?" चिरंजीवाने हिशेब कधी मागितला नव्हता, हे खरे. पण बँकेतील खाते त्याच्या एकट्याच्या नावाचे होते. सूनबाईला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही, तेव्हा 'पुढे बघू' म्हणत त्याने सहा महिने काढले होते. त्याच्या पाकिटातील एक कार्ड तिच्याजवळ असे, एवढीच तिची सोय.

मला त्याचा राग आला. विवाहानंतर खातेदार शाखेत आला की मी स्वतः उठून त्याला संयुक्त खात्याचा अर्ज द्यायचो, नामनिर्देशनाचा रकाना भरून घ्यायचो. हजारो जणांना हे सांगितले आणि आमच्याच घरात ही स्थिती! रात्री सौभाग्यवतींपाशी मी बराच वेळ बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माझं पासबुक कपाटाच्या कुठल्या खणात आहे, ते मला अजून ठाऊक नाही. तुम्ही फुली करून दिलीत तिथं मी सह्या केल्या." या वाक्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. चिरंजीवाला मी त्या रात्री काहीच बोललो नाही, ते त्यामुळेच.

बोलणे दोघांचे दोघांतच झाले. तिकडची घरे लाकडी चौकटीवर उभारलेली, शेजारच्या खोलीतील आवाज लपत नाही. शुक्रवारी रात्री बराच वेळ तिचा आवाज चढलेला होता, मग त्याचा, मग पुष्कळ वेळ काहीच नाही. सौभाग्यवती उठून बसल्या. "मध्ये पडू नका," असे त्यांनी मला बजावले. मी पडणार होतोच. नगरच्या घरी हे भांडण झाले असते, तर आई, काकू, आत्या यांपैकी कुणीतरी दार ठोठावले असते आणि सकाळपर्यंत ते सगळ्यांचे झाले असते. इथे त्यांना ते दोघांनाच संपवायचे होते. मला तो पलंगावर बसून राहण्याचा एक तास फार जड गेला.

रविवारी सकाळी दोघे टेबलाशी कागद घेऊन बसले होते. न्यू यॉर्कहून परतणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक पुढे होते. चिरंजीवाला आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जावे लागते; दोन दिवस घरून काम. घरून काम असते त्या दिवशीही तो आतल्या खोलीत बैठकांमध्येच असे आणि सूनबाई त्याला न उठवता एकटी जेवत असे. ते दोन दिवस आता चार वाजता अर्धा तास सुटीचा. मंगळवार-बुधवारी त्याने सकाळी सातला कामावर पोहोचून तीनला निघायचे, वरिष्ठांची संमती घ्यायची. चार वाजून पाच-दहा मिनिटांनी घरी. ताटे तयार हवीत, कारण मग वीसच मिनिटे हातात. गुरुवारी मात्र चारची बैठक टळत नाही. गुरुवारचा मार्ग काही निघाला नाही.

त्याच्या आदल्याच दिवशी दोघे बँकेत जाऊन आले होते. पारपत्र आणि व्हिसा पाहून तिचे नाव खात्यात दाखल झाले. मी बरोबर येऊ का, असे विचारले होते, चिरंजीव म्हणाला, "पप्पा, आम्ही बघतो." पूर्वी मला हे लागले असते. पुढे फेब्रुवारीत सूनबाईने दोघांचे मिळून एकच आयकर विवरणपत्र स्वतः भरले आणि त्याला जोडून आपल्या करदाता क्रमांकाचा अर्जही धाडला. आपल्याकडे पती-पत्नीची विवरणपत्रे स्वतंत्रच असतात. तिकडे संयुक्त भरता येते, त्यावर दोघांच्या सह्या लागतात आणि कराचे दायित्वही दोघांवर राहते. हे ती मला फोनवर समजावून सांगत होती. मध्ये दोन ठिकाणी मी चुकलो, ते तिने दुरुस्त केले.

वही अजून चालू आहे. रकाना आता एकच आहे, असे ती म्हणते. मी पुन्हा पाहिलेली नाही. सौभाग्यवतींचे पासबुक मी परतल्यावर त्यांच्या हाती दिले. त्यांनी उघडून शिल्लक वाचली, "एवढे आहेत?" असे म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी एकट्या बँकेत जाऊन नोंदी करून आल्या.

आम्ही निघण्यापूर्वीचा शेवटचा गुरुवार मला आठवतो. सूनबाई चारला आमच्याबरोबर जेवली. साडेसहाला चिरंजीव आला, तेव्हा तिने त्याचे ताट वाढले आणि पाठशाळेतील मुलांच्या वह्या घेऊन ती त्याच्या समोर बसली. त्याने मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला होता. एका मुलाने 'नवकार' हा शब्द कसा लिहिला आहे, ते तिने त्याला दाखवले आणि दोघे मोठ्याने हसले.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळे पुन्हा पुढे गेली. आपल्याकडे सोमवारची पहाट असताना तिचा फोन आला. "पप्पा, आज सूर्यास्त सातला!" मागून चिरंजीवाचा आवाज ऐकू येत होता. फुलके थंड होत आहेत, असे काहीतरी तो म्हणत होता. तिने फोन ठेवला.