शेख अमुक शेख तमुक

मी एका मोठ्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करतो. नातेवाइकांमध्ये याचा अर्थ 'कॉम्प्युटर दुरुस्त करणारा' एवढाच होतो. लग्नाला गेलो की कुणीतरी मोबाइल हातात ठेवतं, "बघा जरा, हँग होतोय." मी बघतोही. पण माझं खरं काम काय आहे ते सांगायला बसलो, तर बिर्याणी थंड होईल. म्हणून ते इथे लिहितो. शिवाय त्यात माझी एक चूक आहे, ती कबूल केल्याशिवाय बरं वाटत नाही.

२०१७ साली मुंबई विद्यापीठात काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. उन्हाळी परीक्षेच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. कल्पना वाईट नव्हती, पण तयारीला वेळच दिला गेला नाही. निकाल रखडले, कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, परदेशी जाणाऱ्या मुलांचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या वर्षी राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या संगणक विभागात एकच प्रश्न विचारला जात होता, "आपल्याकडे असं झालं तर?" त्याच वर्षी नवा विद्यापीठ कायदाही लागू झाला होता आणि त्यात माहिती तंत्रज्ञान मंडळ नावाचं स्वतंत्र मंडळ आलं होतं. आमच्याकडेही समिती बसली. काम ठरलं: विद्यापीठभर विखुरलेली संगणकाची कामं एका सूत्रात आणायची.

विखुरलेली म्हणजे किती? विद्यार्थी एकच, पण प्रवेश विभागात त्याची एक नोंद, पात्रता विभागात दुसरी, परीक्षा विभागात तिसरी. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वेगळं, वसतिगृहाचा हिशेब एक्सेलमध्ये, शिष्यवृत्तीची यादी महाडीबीटीवरून उतरवून घेतलेली. प्रत्येक ठिकाणी वेगळा क्रमांक, वेगळा पासवर्ड. पोरगी बी. ए. करून एम. ए. ला आली की ती नवीच कुणीतरी होऊन जायची. नावात एक अक्षर चुकलं, तर ते दुरुस्त करायला सात खिडक्या. प्रत्येक खिडकीवर तेच उत्तर, "आधी तिकडून करून आणा."

काही विभागांचे सर्व्हर टेबलाखाली होते, झाडूवाल्या मावशींनी रात्री प्लग काढला की बंद पडणारे. एका विभागाची सगळी माहिती एका क्लार्कच्या मशीनवर होती आणि ते पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. पण खरी अडचण यंत्रांची नव्हती. ती एका वाक्यात होती, "हा आमचा डेटा आहे." विद्यार्थ्याचं नाव नक्की कुणाचं? पात्रता विभागाचं की परीक्षा विभागाचं? चुकलं तर बदलायचा अधिकार कुणाला? नवं सॉफ्टवेअर विकत घेणं सोपं असतं, निविदा काढली की येतं. हे ठरवणं अवघड असतं. वर्षभर बैठका झाल्या, तेव्हा कुठे ठरलं की नाव आणि जन्मतारीख यांची मालकी पात्रता विभागाची. बाकीच्यांनी ती तिथूनच वाचायची, आपल्याकडे पुन्हा टाइप करायची नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला कायमचा एकच क्रमांक. हे झालं आणि सात खिडक्यांची एक खिडकी झाली. याचा मला आजही अभिमान आहे.

चूक पुढे झाली.

नव्या विद्यार्थ्यांचं ठीक होतं. जुन्यांचं काय? जाडजूड रजिस्टरांमधल्या जुन्या निकालांची नोंद एका ठेकेदाराकडून आधीच संगणकात टाइप करून घेतलेली होती. त्यात एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी होत्या. त्या जोडायचा नियम मी लिहिला. आडनाव सारखं, नाव सारखं, वडिलांचं नाव सारखं आणि जन्मतारीखही तीच, तर माणूस एकच. चार गोष्टी जुळल्याशिवाय जोडायचं नाही. समितीत कुणीतरी म्हणालं, "फारच कडक नियम आहे." मलाही तसंच वाटलं.

काही महिन्यांनी एका बाईंचा फोन आला. वय चाळिशीच्या पुढे, आवाज दबलेला. एका खासगी शाळेत त्यांना शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं होतं. संस्थेने पदवीची पडताळणी मागवली आणि आमच्या नव्या, चटकन उत्तर देणाऱ्या यंत्रणेने उत्तर दिलं: अनुत्तीर्ण. बाईंच्या हातात विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र होतं, शिक्का आणि सहीसकट. संस्थेच्या सचिवांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठून बनवून घेतलं?"

पूर्वी असं झालं असतं तर विद्यापीठाला पत्र आलं असतं, महिनाभराने कुणीतरी रजिस्टर उघडलं असतं आणि उत्तर गेलं असतं. उशिरा, पण बरोबर. आता उत्तर लगेच गेलं होतं आणि चुकीचं होतं. संगणक आणि कागद यांच्यात वाद झाला की लोक कागदाला खोटं ठरवतात.

मी नोंद उघडली. आडनाव शेख. नाव त्या काळी मोहल्ल्यात घरोघरी असलेलं. वडिलांचं नाव: शेख. जन्मतारीख १ जून.

मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या वाचकांना एव्हाना कळलं असेल. तिकडे नाव 'शेख अमुक शेख तमुक' असं लिहितात. सय्यदांचं, पठाणांचंही पुष्कळ ठिकाणी तसंच. अमुक हे स्वतःचं नाव, तमुक वडिलांचं आणि शेख दोन्हींच्या आधी. शब्द चार. आमच्या तक्त्यात रकाने तीन. टाइप करणाऱ्याने पहिला शब्द पहिल्या रकान्यात टाकला, दुसरा दुसऱ्यात, तिसरा तिसऱ्यात. चौथा गळून पडला. म्हणजे हजारो लोकांच्या वडिलांचं नाव आमच्याकडे फक्त 'शेख' होतं.

आणि १ जून? ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. जन्माचा दाखला नसलेलं पोर शाळेत आणलं की गुरुजी जूनची पहिली तारीख लिहून मोकळे व्हायचे. एका पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. त्यामुळे माझ्या कडक नियमातल्या चार गोष्टींपैकी दोन गोष्टी पोकळ होत्या. दोन वेगळ्या तालुक्यांतल्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या दोन बायका मी एक करून टाकल्या होत्या. एक उत्तीर्ण झाली होती, दुसरीने दोन विषय राहिले म्हणून शिक्षण सोडलं होतं. यंत्रणेने शेवटची नोंद खरी धरली.

मी बाईंना म्हटलं, "चूक आमची आहे, दुरुस्त करून देतो." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, तुम्हीपण शेखच ना?"

मी शेखच. पण आमचं घर सातारकडचं. तिकडे आमची नावं पाटील-जाधवांसारखीच तीन शब्दांची असतात: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. माझं नाव कुठल्याही फॉर्मच्या रकान्यात नीट बसतं. त्यामुळे रकाने कमी आहेत हे मला आयुष्यात कधी जाणवलंच नाही. समितीत मी एकटाच मुसलमान होतो आणि मनात कुठेतरी असं होतं की, आपल्या लोकांच्या नावांचं मला कळतं. मला माझ्या घरातल्या नावांचं कळत होतं, एवढंच. कोकणातल्या परकार-मुकादमांचं वेगळं, पंढरपूरकडच्या मुलाणी-तांबोळ्यांचं वेगळं, औरंगाबादच्या शेख-सय्यदांचं वेगळं. 'मराठी मुसलमान' हे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात किती तऱ्हा आहेत ते मला एका तक्त्याने शिकवलं.

हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं, हेही सांगायला हवं. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या ओळखीचं नाव असतं, बस्स. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं, नावाआधी नुसती आद्याक्षरं लावणाऱ्या दक्षिणेकडच्या मुलांचंही तिथेच अडतं. इंग्रजीत तर विचारूच नका. शेख कुणी 'ए-आय' घालून लिहितो, कुणी 'ई-आय' घालून, कुणी नुसतं 'एसके'. मोहम्मदचं 'एमडी' होतं आणि मग डॉक्टर समजून लोक फसतात.

दुरुस्ती कशी झाली? जोडण्यापूर्वीच्या नोंदींची प्रत मी ठेवली होती, म्हणून वाचलो. पण त्यातही चौथा शब्द नव्हताच. तो होता तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये, लाल कापडात बांधलेल्या रजिस्टरात. तिथले काका निवृत्तीला आलेले. आमच्या संगणकीकरणाला ते 'तुमचं ते' म्हणायचे. त्यांनी वर्ष आणि कॉलेज विचारलं आणि तासाभरात दोन्ही पानं काढून दिली. हाताने लिहिलेलं पूर्ण नाव, चारही शब्द, एका लांब ओळीत. काकांनी ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आम्हाला रकाने नव्हते ना, म्हणून मावलं."

पाचव्या दिवशी बाईंना कुलसचिवांच्या सहीचं पत्र गेलं: पदवी खरी आहे, चूक विद्यापीठाची. त्या शाळेत रुजू झाल्या. पण स्टाफरूममध्ये 'ती बोगस डिग्रीवाली' ही कुजबुज बरेच दिवस चालली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. ते पुसणारं पत्र कुणी देऊ शकत नाही.

त्यानंतर नियम बदलले. नाव एकाच लांब रकान्यात, कागदावर आहे तसं. ओळख क्रमांकावरून, नावावरून नाही. संगणकाने दोन नोंदी सारख्या आहेत एवढंच सुचवायचं, जोडायच्या माणसाने, आणि कुणी व कशावरून जोडल्या ते लिहून ठेवायचं. विद्यार्थ्याला स्वतःची नोंद दिसली पाहिजे आणि चूक सांगता आली पाहिजे. तीन रकान्यांत टाइप झालेल्या सगळ्या शेख, सय्यद, पठाणांच्या नोंदी आम्ही रजिस्टरांशी पुन्हा ताडून पाहिल्या. त्याला दीड वर्ष लागलं. काकांना निवृत्तीनंतरही मानधनावर बोलवून घेतलं.

आता हेच काम देशपातळीवर चाललं आहे. २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, मग बारा अंकी अपार क्रमांक आला. कुठल्याही विद्यापीठात शिका, क्रेडिट्स एका खात्यात जमा. चांगली सोय आहे, मी तिच्या बाजूचाच आहे. सात खिडक्यांचे दिवस मी पाहिले आहेत आणि त्या खिडक्यांवर सगळ्यांत जास्त कोण ताटकळायचं तेही पाहिलं आहे. पण जेवढ्या जास्त गोष्टी एका दोरीत ओवाल, तेवढी एक गाठ चुकली तर ओढ लांबपर्यंत जाते.

म्हणून घरोघरी एक विनंती. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचं, आधारवरचं आणि बँकेतलं नाव आज शेजारी शेजारी ठेवून वाचा. मराठीतही आणि इंग्रजीतही, एकेक अक्षर. फरक असेल तर दहावीच्या आधीच दुरुस्त करून घ्या, नंतर फार जड जातं. आणि तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं फॉर्म बनवायच्या खुर्चीवर बसत असेल, तर रकाने आखण्यापूर्वी जुनं रजिस्टर उघडून पाहा. नाहीतर एखाद्या दिवशी फोन येईल आणि पलीकडून कुणीतरी विचारेल, तुम्हीपण आमच्यातलेच ना?