न दिसणारे दुखणे

स्मरणिकेसाठी आम्हीही एक लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा मनात अनेक विषय येऊन गेले. वसतिगृहाच्या जुन्या पत्र्याच्या खोल्या, पहिल्या तुकडीचा निकाल, पावसाळ्यात ओढा भरला की दोन-दोन दिवस तुटणारी वाट. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळी या अंकात लिहीत आहेतच. म्हणून या आवारात दोन वर्षे सर्वांपासून लपवून ठेवलेल्या एका गोष्टीविषयी आम्ही लिहावयाचे ठरविले. ती गोष्ट म्हणजे आमची मान.

नऊ वर्षांपूर्वी, सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली काही तरी खुपू लागले. मांडीवर पुठ्ठा ठेवून, मान खाली घालून, रात्री उशिरापर्यंत पेपर तपासण्याची आमची जुनी सवय. एम.ए.चा अभ्यासही नोकरी सांभाळून असाच जमिनीवर बसून केलेला. उशी वाईट असेल, वारा लागला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. बाम चोळला. एकदा केस कापावयास गेलो असता कारागिराने सवयीप्रमाणे डोके धरून झटक्याने मान मोडून दिली. क्षणभर बरे वाटले आणि पुढच्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्यानंतर ती कळ खांद्यावरून दंडात, दंडातून अंगठ्यापर्यंत विजेसारखी उतरू लागली. अंगठा आणि तर्जनी बधिर होत. फळ्यावर लिहिता लिहिता बोटांत खडू आहे की गळून पडला, हे पाहून खात्री करावी लागे.

शेवटी एमआरआय झाला. डॉक्टरांनी तो काळा-पांढरा कागद उजेडासमोर धरून जे सांगितले, ते आमच्यासारख्या इतिहासाच्या माणसाला एखाद्या जुन्या दस्तऐवजाच्या वाचनासारखे वाटले. मानेत सात मणके असतात. वरच्या दोहोंचा सांधा सोडला, तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिलाच आपण बोलताना गादी म्हणतो. या चकतीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर. वर्षानुवर्षांच्या ताणाने कड्याला चीर पडते, आतला गर बाहेर डोकावतो आणि शेजारून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला टेकतो. आमच्या बाबतीत हे पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये घडले होते. दुखणे मानेत आणि कळ अंगठ्यात, याचा उलगडा तेव्हा झाला.

डॉक्टर पुढे म्हणाले, "सर, माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोंचे. सरळ राहिले तर मान ते सहज पेलते. पण ते जसजसे पुढे झुकते, तसतसा भार वाढत जातो. ६० अंश वाकलात, तर मानेच्या हिशेबी तेच डोके पंचवीस किलोंच्या पुढे जाते."

ते ऐकताना आम्हाला आमची माय आठवली. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामे निघत. आम्ही पाच-सहा वर्षांचे असताना ती रस्त्याच्या कामावर डोक्यावर चुंबळ ठेवून मुरमाची घमेली वाहत असे. तिच्याबरोबर चार पावले चालावयाची हौस म्हणून आम्ही डोक्यावर लहानसे टोपले घेतले की ती म्हणे, "लेकरा, मान ताठ ठिव. वाकलास की वझं मानंवर येतं." डॉक्टरांनी अंश आणि किलोंमध्ये सांगितले तेच हे होते. संध्याकाळी घरी आल्यावर ती तव्यावर मीठ तापवून त्याच्या पुरचुंडीने मान शेकत बसे. काय झाले म्हणून विचारले, तर "काही नाही" हे एकच उत्तर. तिच्या दुखण्याचा कोणताही कागद नाही. ना चिठ्ठी, ना तपासणी, ना निदान. आमच्या घराण्यात इतक्या माना झिजल्या. त्यांपैकी कागदावर आली ती पहिली मान आमची. इतिहासाच्या वर्गात आम्ही मुलांना शिकवितो की, साधन नसले म्हणजे घटना घडली नाही असे नव्हे. मात्र ते वाक्य आपल्या घरालाही लागू आहे, हे त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर समजले.

इतके समजूनही आम्ही शाळेत कोणाला काही सांगितले नाही. त्याचे कारण प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. आपल्या समाजाने आम्हाला मान वर करून जगावयास शिकविले आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ आम्ही असा करून घेतला की, आपले दुखणे बोलून दाखविणे म्हणजे मान खाली घालणे. शिवाय पूर्वीच्या एका नोकरीत आमच्यासारख्याने साधी रजा मागितली, तरी ती कोणत्या नजरेने मोजली जाते हे आम्ही पाहिले होते. या शाळेत तशी नजर नव्हती. तरीही ती धास्ती आमच्याबरोबर येथपर्यंत चालत आली होती. मानेचा पट्टा आम्ही फक्त खोलीत बांधत असू. वर्गात कळ असह्य झाली की उजवा हात डोक्यावर ठेवून बसत असू, कारण त्या स्थितीत मज्जातंतूवरील ओढ कमी होऊन थोडा आराम पडे. मुले मात्र समजत, सर आपल्या उत्तरांनी हैराण होऊन डोक्याला हात लावून बसले आहेत. ती अधिकच जोराने सनावळ्या पाठ करीत.

अशाच एका दिवशी सातवीच्या वर्गात एक मुलगा बाकावर डोके टेकून पडलेला दिसला. नुकताच वसतिगृहात दाखल झालेला, अबोल मुलगा. आदल्या रात्री आमची झोप झाली नव्हती. आम्ही ओरडलो, "मान वर कर! येथे झोपावयास आला आहेस का?" तो उठून उभा राहिला. "सर, दुखतंय," एवढेच पुटपुटला. कोठे दुखते, हे आम्ही विचारले नाही. रोजचीच सबब, असे समजून उरलेला तास त्याला तसेच उभे ठेवले. त्या रात्री त्याला ताप भरला. गृहपालांनी त्याला दवाखान्यात नेले. कानात पू झाला होता.

ती बातमी सकाळी प्रार्थनेच्या वेळी कळली, तेव्हा मानेची कळ आम्ही काही काळ विसरलो. मुलाचे दुखणे डोळ्यांना दिसत नव्हते म्हणून आम्ही ते खोटे ठरविले होते. आमचेही दुखणे डोळ्यांना दिसत नव्हते आणि जगाने आमच्यावर विश्वास ठेवू नये या भीतीने आम्ही ते दडविले होते. आमच्याजवळ निदान एमआरआयचा कागद होता. त्याच्याजवळ "दुखतंय" या एका शब्दाखेरीज काही नव्हते आणि तो शब्द ऐकावयास त्याची आई तेथे नव्हती.

तो बरा होऊन आल्यावर आम्ही संपूर्ण वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. का ओरडलो, तेही सांगितले. मानेचा पट्टा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि फळ्यावर मणक्यांची आकृती काढली. एका मुलीने विचारले, "सर, मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?" इतक्या वर्षांच्या अध्यापनात ज्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही, असा तो प्रश्न होता.

पुढच्याच आठवड्यात मुलांनी आमच्या टेबलाच्या पायांखाली विटा घातल्या. सुतारकाम येणाऱ्या एका पालकांनी जुन्या फळीचे उतरते डेस्क करून दिले. मुख्याध्यापकांनी न मागता तासांची मांडणी बदलली. मान उंचावून वर पाहिले की आमची कळ वाढते, म्हणून फळ्याचा वरचा भाग वर्गातील उंच मुले लिहू लागली. ज्या सवलतीला आम्ही दोन वर्षे भीत होतो, ती प्रत्यक्षात चार विटांची होती.

मज्झिमनिकायातील सेख सुत्तात एक प्रसंग आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. तेथे तथागत रात्री बराच वेळ उपदेश करतात आणि मग आनंदाला सांगतात की, पुढचा उपदेश तू कर. माझी पाठ दुखते आहे, मी ती जरा टेकवितो. हा प्रसंग आम्ही अनेकदा वाचला होता. पण पाठ दुखते हे भर सभेत, शिष्यांदेखत सांगितले गेले, याकडे आमचे लक्ष मान दुखू लागल्यावरच गेले. संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा आपण मनाला लावून घेतो. आमचा पहिला बाण त्या चकतीचा होता. दुसरा भीतीचा आणि चिडीचा. आणि तो आम्ही एका लेकराच्या अंगावरही सोडला होता.

आज आमची मान बरी झाली आहे, असे म्हणता येणार नाही. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. बाहेर आलेला गर पुष्कळदा काळाने आक्रसतो आणि बहुतेकांना औषध, विश्रांती व व्यायामाने उतार पडतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्हालाही तो पडला. पण पूर्ण नव्हे. थंडीत आणि लांबच्या एसटी प्रवासानंतर कळ अजूनही येते. फिजिओथेरपिस्टांनी शिकविलेला, हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम रोज करतो. अर्ध्या तासाने उठतो. उशी एकच घेतो. हा लेखही वीस-वीस मिनिटांच्या बैठकींत लिहिला आहे.

आमच्या वयाच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना दोन गोष्टी अनुभवाने सांगाव्याशा वाटतात. कोणाकडूनही झटक्याने मान मोडून घेऊ नये. आणि हाताची शक्ती कमी झाली, बटण लावता येईना, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर बाम चोळीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

तिसरी गोष्ट या शाळेत शिकविणाऱ्या तरुण शिक्षकांसाठी. आपल्याकडची मुले सहा-सात वर्षांची असल्यापासून आईपासून दूर राहतात. त्यांपैकी एखादे "दुखतंय" म्हणाले, तर प्रथम त्यावर विश्वास ठेवावा; सबब असेल तर ती नंतर कळेलच. कान दुखणारा तो मुलगा आता महाविद्यालयात आहे. गेल्या दिवाळीत भेटावयास आला तेव्हा टेबलाखालच्या विटा अजून आहेत का, हे त्याने आधी वाकून पाहिले आणि मग, "मान कशी आहे, सर?" असे विचारले. "काही नाही" हे मायचे उत्तर ओठांवर आले होते. ते मागे घेऊन आम्ही म्हणालो, "आज दुखते आहे रे, बस."