न जगलेले दिवस

१९८५ साली जन्मलेल्या मुलीला १९६२ सालची आठवण कशी येईल? लाना डेल रे गायला लागली की ती तिला येते, आणि ऐकणाऱ्यालाही येऊ लागते. मी काही अमेरिकेत वाढलेली नाही, तो काळही माझा नाही. तरी तिचा तो खालच्या पट्टीतला, जडावलेला आवाज कानावर पडला की आपलं कुठलं तरी घर विकलं गेलंय असं वाटत राहतं. कित्येक वर्षं मी तिला ऐकते आहे आणि या वाटण्याचा पिच्छा पुरवते आहे.

लाना डेल रे हे तिने घेतलेलं नाव. मूळची ती एलिझाबेथ ग्रँट. जन्म न्यूयॉर्क शहरातला, वाढली त्याच राज्याच्या उत्तरेकडच्या लेक प्लॅसिड या डोंगराळ, बर्फाळ गावात. चर्चमध्ये गायची. शाळकरी वयातच दारू लागली, घरच्यांनी निवासी शाळेत धाडली, पुढे दारू सुटली आणि तिने फोर्डम विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला घेतलं. ज्या कॅलिफोर्नियातली ताडाची झाडं आणि पोहण्याचे तलाव तिच्या गाण्यांत सतत येतात, तो तिच्या बालपणात कुठेच नाही. तिचा पहिला अल्बम २०१० मध्ये निघाला आणि काही महिन्यांतच मागे घेतला गेला.

मग २०११ मध्ये ‘व्हिडिओ गेम्स’ हे गाणं यूट्यूबवर आलं. जस्टिन पार्करबरोबर लिहिलेलं हे गाणं फार संथ आहे. सुरुवातीला घंटा, मग हार्प, व्हायोलिनं, आणि त्या सगळ्यात हळूहळू बुडत जाणारा आवाज. पडद्यावर वेबकॅमसमोर ती स्वतः, आणि मधूनमधून इंटरनेटवरून वेचलेले तुकडे: स्केटबोर्डवरून घसरणारी मुलं, जुनी कार्टून, छायाचित्रकारांच्या गराड्यात तोल जाऊन पडणारी एक नटी. ही जोडाजोड तिने स्वतःच केली होती. गाण्यातली बाई खेळात गुंतलेल्या प्रियकरासाठी नटते, त्याच्याभोवती घोटाळते आणि त्यालाच स्वर्ग मानते. वाद्यं मात्र अंत्ययात्रेला निघाल्यासारखी वाजत राहतात. शब्द सुखाचे आणि सूर सुतकाचे, ही फट तिला या गाण्यात सापडली आणि पुढची सगळी कला तिथूनच पाझरत आली.

आपल्या घरांत जुन्या गाण्यांची ओढ वारशाने येते. रेडिओ सिलोन वडिलांचा असतो, आकाशवाणीवरची भावगीतं आईची असतात, आणि त्यांच्या आठवणींना आपण नुसता हात लावतो. लानाची ओढ अशी घरातून आलेली नाही. तिच्यासमोर होता इंटरनेटचा अडगळीचा माळा. कुणाच्या तरी सुट्टीतली फिल्म, कुठल्या तरी वर्षीची जाहिरात, विस्मरणात गेलेल्या नटीचं हसू, सगळं शेजारी शेजारी पडलेलं, मालकाचं नाव नाही की सालाचा पत्ता नाही. ते कुणीही उचलावं. उचलणारे पुष्कळ होते. पण बाकीच्यांना त्यातून नुसती सजावट मिळाली, तिला दुःख मिळालं.

तिच्यावर पहिला राग निघाला तो खोटेपणाच्या नावाने. १४ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात ती अवघडून गायली, आवाज डळमळला. त्यानंतर जे झालं त्याला टीका म्हणवत नाही. शिकारच होती ती. एनबीसीचे वृत्तनिवेदक ब्रायन विल्यम्स यांनी एका खासगी इमेलमध्ये तिची गणना त्या कार्यक्रमाच्या इतिहासातल्या सर्वांत वाईट सादरीकरणांत केली आणि ती इमेल जगजाहीर झाली. त्या रात्रीचा यजमान, नट डॅनिअल रॅडक्लिफ, तिच्या बाजूने बोलला, पण त्याचं कोण ऐकतो! जुनं नाव, जुने फोटो, मागे घेतलेला अल्बम, सगळं उकरून पुराव्यासारखं मांडलं गेलं. रॉबर्ट झिमरमनने बॉब डिलन व्हावं आणि जन्मभर नवे मुखवटे घालावेत, तर ती प्रतिभा. एलिझाबेथ ग्रँटने लाना व्हावं, तर ती फसवणूक. हा दुजाभाव मला अजून बोचतो. त्याच महिन्याच्या अखेरीस आलेला ‘बॉर्न टू डाय’ हा अल्बम पुढे तीनशेहून अधिक आठवडे बिलबोर्डच्या यादीत राहिला.

आणि मुखवटा घालून ती काय करत होती, हे त्याच वर्षीच्या ‘नॅशनल अँथम’च्या चित्रफितीत नीट पाहावं. सुरुवात कृष्णधवल. मे १९६२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मेरिलिन मन्रोने अध्यक्ष केनेडींसाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं होतं. लाना मेरिलिन होऊन ते म्हणते. मग रंग येतात, घरगुती फिल्मसारखे विटलेले, आणि आता ती जॅकी केनेडी असते. हिरवळ, मुलं, नवऱ्याच्या खांद्यावर टेकलेलं डोकं. शेवटी डॅलसमधली ती उघडी मोटार आणि गोळी. केनेडी झाला आहे हार्लेमचा कृष्णवर्णीय रॅपर एसॅप रॉकी. १९६२ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत असं गोऱ्या-काळ्यांचं लग्न कायद्याने गुन्हा होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले १९६७ मध्ये. म्हणजे ज्या काळासाठी ही बाई एवढी हळहळते आहे, त्या काळात हे चित्रच असू शकलं नसतं. बायको आणि ती दुसरी, दोघी तिनेच व्हायचं, आणि देशाच्या लाडक्या कुटुंबात देशाने ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं त्याला कर्ता म्हणून बसवायचं. जुन्या काळाचं इतकं प्रेमाने केलेलं आणि इतकं झोंबणारं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण वाट निसरडी होते तीही १९६२ मध्येच. २०१४ च्या ‘अल्ट्राव्हायोलन्स’ या शीर्षकगीतात तिने त्या वर्षीच्या एका गाण्याचे शब्द गुंफले. द क्रिस्टल्स या मुलींच्या गटाने गायलेलं, जेरी गॉफिन आणि कॅरल किंग या जोडप्याने लिहिलेलं ते गाणं प्रियकराच्या मारालाच प्रेमाची खूण समजतं. त्यांच्याकडे मूल सांभाळणाऱ्या तरुणीने स्वतःवर उठलेल्या हाताबद्दल जे सांगितलं, त्यावरून ते सुचलं होतं. लोकांना ते तेव्हाही सोसलं नाही. त्याचा निर्माता फिल स्पेक्टर २००९ मध्ये एका अभिनेत्रीच्या खुनासाठी दोषी ठरला.

लानाच्या तोंडून ते शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला तिचा संताप आला. मग आमच्या वाड्यातल्या बायका आठवल्या. “हात उचलतात, पण जीव आहे हो त्यांचा माझ्यावर,” असं नळावर बादली भरता भरता सांगणाऱ्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. जगायला हाताशी होती तीच भाषा त्या बोलत होत्या. लाना या भाषेकडे वरून पाहत नाही, तिच्या आत बसून गाते. म्हणूनच ती आतड्याला पीळ पाडते, आणि म्हणूनच मला तिची भीतीही वाटते. कोवळ्या वयाच्या मुलीला त्यात वळ न दिसता नुसतं रूप दिसू शकतं. यावरून भाचीशी माझा वाद झाला आहे. ती म्हणाली, “मावशी, ते चूक आहे हे कळतं गं मला. पण तिला तेव्हा काय वाटलं, ते कुणी म्हणायचंच नाही का?” म्हणायला हवं, हे मला मान्य आहे. पण म्हणणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत हेही पुन्हा पुन्हा तपासायला हवं, आणि लानाने ते तपासलं. २०१७ मध्ये तिने सांगितलं की मैफलींत ती आता ते शब्द गात नाही. ट्रम्प निवडून आल्यानंतर मंचावर आपल्या मागे अमेरिकेचा झेंडा नको, असंही तिने ठरवलं. २०२० मधल्या एका जाहीर निवेदनात मात्र तिने इतर गायिकांची, बहुतेक कृष्णवर्णीय वा लॅटिन वंशाच्या, नावं घेऊन त्यांना मोकळीक आणि मला बोल, असा सूर लावला. ते चुकलंच. ‘नॅशनल अँथम’ करणाऱ्या बाईकडून ते अधिकच लागलं.

२०१९ च्या अल्बमला तिने नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराचं नाव दिलं, मध्ये एक शिवी घालून. ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठांवर सुखी अमेरिकी कुटुंबं रंगवणारा हा माणूस. शिवी आहे ती त्या सुखी चित्राला, आणि गाणी मात्र त्याच चित्रात राहायला मिळावं म्हणून झुरणारी.

२०२३ च्या अल्बमचं नाव कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या एका भुयारी वाटेवरून आहे. ती वाट १९६७ पासून, म्हणजे लानाच्या जन्माआधीपासून, बंद आहे. पण त्या अल्बमचं पहिलं गाणं आहे ‘द ग्रँट्स’. तिने कधीकाळी मागे टाकलेलं आडनाव. त्यात ती मरताना बरोबर न्यायच्या आठवणी सांगते, आणि त्या बहिणीच्या पहिल्या मुलाच्या आहेत, आजीच्या शेवटच्या हसण्याच्या आहेत. या वेळी त्या कुठून वेचलेल्या नाहीत. सुरुवातीला साथीच्या गायिकांची तालीम ऐकू येते. त्यांचा एक शब्द चुकतो, मग नीट होतो, आणि ते कापून न टाकता तिने तसंच राहू दिलं आहे. मेरिलिन आणि जॅकी होऊन पाहिल्याशिवाय तिला ग्रँटांच्या घरी असं परतता आलं असतं, असं मला वाटत नाही.