झोत कुठे गळतो

जास्त उजेड हवा तर जास्त लुमेनची टॉर्च घ्यावी, हा हिशेब दुकानाच्या काउंटरवर बरोबर वाटतो. धानाच्या बांधीत उतरलं की तो कोलमडतो.

कोहमाऱ्याच्या चौकातून चार वाटा फुटतात. पश्चिमेला साकोली-भंडाऱ्यावरून नागपूर, पूर्वेला देवरीवरून छत्तीसगड, उत्तरेला गोरेगाव आणि गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांच्या मधून महामार्ग गेलेला. त्यामुळे टॉर्च इथे सगळ्यांकडे असते: जागलीला जाणारा शेतकरी, चैत्रात अंधार असतानाच मोहफुलं वेचायला निघणाऱ्या बाया, रात्री रस्त्याकडेला टायर बदलणारे ट्रकवाले. मला मात्र या वस्तूचं वेड आहे. मुठीत मावणाऱ्या नळीतून हजारो लुमेन काढणाऱ्या टॉर्च मी उघडतो, साफ करतो, जमेल तिथे सुधारतो. माझ्याकडे येणारी तक्रार बहुधा एकाच सुरातली असते. "भाऊ, घेतली तवा लय लांब मारत होती. आता मारूनच नाही रायली."

तलावातून सोडलेलं पाणी शेवटच्या बांधीत कमी पोचलं, तर इथला शेतकरी तलाव मोठा करायला जात नाही. पाट कुठे फुटलाय ते बघत काठाकाठाने चालत जातो. टॉर्च हातात आली की मीही तेच करतो. सेलपासून निघतो आणि डोळ्यापर्यंत जातो. वाटेत कुठे ना कुठे उजेड गळत असतो.

पहिली गळती सेलमध्येच. या टॉर्चमध्ये बहुतेक 18650 हा लिथियम सेल असतो; 18 मिलिमीटर व्यासाचा, 65 मिलिमीटर लांबीचा. एवढ्या जागेत नामांकित कंपन्यासुद्धा साडेतीन हजार एमएएचच्या फारशा पुढे गेलेल्या नाहीत. बाजारात मात्र त्याच आकारावर 9,900 छापलेलं सर्रास मिळतं. असा सेल दिसला की मी तो आधी वजनकाट्यावर ठेवतो. खरा सेल साधारण 45 ते 48 ग्रॅम भरतो. नकली बहुधा बराच हलका निघतो. छापलेला आकडा खोटं बोलतो, काटा बोलत नाही.

पण खऱ्या सेलमध्येही दोन प्रकार आहेत. साठा किती आणि एका वेळी देण्याची ताकद किती, या दोन वेगळ्या गोष्टी. चार हजार लुमेनसाठी ढोबळमानाने 40 वॅट लागतात. एकाच सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये म्हणजे दहा अँपिअरहून जास्त प्रवाह. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल कमी उजेडावर रात्रभर इमानाने चालेल, पण पूर्ण ताकदीचं बटण दाबलं की त्याचं व्होल्टेज धपकन बसतं आणि टॉर्च आपोआप खालच्या पायरीवर येते. ग्राहकाला वाटतं, दिवा गेला. दिवा धडधाकट असतो.

दुसरी गळती सांध्यांमध्ये, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. साधा हिशेब करा. दहा अँपिअरच्या वाटेवर सगळे सांधे मिळून 0.05 ओहमचा अडथळा असेल, तर अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. म्हणजे पाच वॅट नुसतं झाकण तापवण्यात जातात. सेल जेमतेम 4.2 व्होल्टला भरतो, त्यातला अर्धा व्होल्ट ही थोडी रक्कम नाही.

मागचं झाकण उघडा. नळीची शेवटची कड रंग न चढवलेली, उघड्या अॅल्युमिनियमची असते, कारण बऱ्याच टॉर्चमध्ये वीज तिथूनच परतते. पांढऱ्या सुती चिंधीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ते असतंच. त्या कडेवरून आणि आट्यांवरून चिंधी फिरवा. चिंधी काळी होते. आट्या एकमेकींवर घासून निघालेला धातूचा चुरा आणि जुनं ग्रीस, दोन्ही तिच्यावर उतरतं. चिंधी पांढरी राहीपर्यंत पुसायचं, मग रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. बोटावर चमक दिसेल एवढंच. गोळा लावायचा नाही. आता झाकणाच्या आत बघा. दोन बारीक भोकं असलेली पितळी रिंग दिसेल. तीच स्विचची चकती दाबून धरते. उजेड थरथरत असेल तर बहुतेक वेळा ही रिंगच सैल झालेली असते. टोकदार चिमट्याची दोन टोकं त्या भोकांत घालून पाव फेरा आवळला की टॉर्च मुकाट्याने पेटते.

त्याच्या पुढची पायरी स्प्रिंगची. स्प्रिंगची तार बारीक आणि लांब, त्यात पोलादाची असली तर वीज अडखळतेच. तिच्या टोकापासून बुडापर्यंत सिलिकॉनच्या वेष्टनाची मऊ तांब्याची तार सोल्डर केली की प्रवाह तारेतून जातो आणि स्प्रिंगकडे फक्त दाब देण्याचं काम उरतं. तार थोडी ढिली ठेवावी, नाहीतर स्प्रिंग दबतच नाही. हे काम सेल बाहेर काढूनच करायचं. सेलचं वरचं प्लास्टिक फाटलेलं असेल, तर ते बदलल्याशिवाय तो पुन्हा आत घालायचा नाही. सेलचं सगळं अंग ऋण असतं, कडेला टेकलेला धातूचा एक तुकडा आग लावायला पुरतो.

तिसरी गळती उष्णतेची. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी निळी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळा लेप त्या निळ्यातून पांढरा उजेड तयार करतो. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तरीही जोरात चालवलेल्या एलईडीत गेलेल्या विजेचा निम्म्याहून जास्त भाग उष्णताच होतो. म्हणून टर्बो, म्हणजे पूर्ण ताकदीची पायरी, मिनिट-दोन मिनिटांत उतरतो, आणि तो उतरावा हेच बरं. 1899 साली डेव्हिड मिसेलला अमेरिकेत हातटॉर्चचं पेटंट मिळालं, तेव्हाचे सेल इतके दुबळे की दिवा क्षणभर लावून विझवावा लागे. सव्वाशे वर्षांनंतर सेल पहिलवान झाले, पण पूर्ण उजेड अजूनही थोडा वेळच वापरायचा असतो. टॉर्च दिव्याच्या बाजूला उघड्या मुठीत धरली तर हातातलं रक्त उष्णता वाहून नेतं. कापडात गुंडाळली तर ती लवकर मंदावते. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत सेल चार्जिंगला लावू नये. पारा 45 च्या पुढे असताना लिथियम भरणं म्हणजे त्याचं आयुष्य कापणं. शिशाच्या बॅटरीची जुनी टॉर्च नेहमी भरून ठेवावी लागे. लिथियमचा स्वभाव उलटा. हंगाम संपला की सेल 3.7 व्होल्टच्या आसपास आणून, बाहेर काढून, गार जागी ठेवावा.

आता झोत बाहेर पडला. लुमेन म्हणजे निघालेला एकूण उजेड. तो एका दिशेला किती एकवटला ते कॅन्डेला सांगतं. टॉर्चचा पल्ला कॅन्डेलावर ठरतो, आणि तो वर्गमुळाच्या चालीने वाढतो. 40,000 कॅन्डेलाचा पल्ला 400 मीटर. 800 हवे असतील तर दुप्पट कॅन्डेला पुरत नाहीत, चौपट म्हणजे 1,60,000 लागतात. आणि पल्ला कुठे संपतो, तर जिथे उजेड 0.25 लक्सवर येतो तिथे. म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतका.

इथे मला बुद्धपौर्णिमा आठवते. नागझिरा-नवेगावात त्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजतात. झोत मारायचा नसतो. कंपनीच्या हिशेबात जिथे टॉर्च संपते, तेवढ्याच उजेडात चितळ, अस्वल, गवा ओळखून नोंदवले जातात. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि टर्बोचा एक झोत ते सगळं पुसून टाकतो. शेवटची आणि सर्वांत मोठी गळती ही अशी आपल्याच डोळ्यात असते.

डोळा आणि टॉर्च यांचं अंतरही बघावं लागतं. चितळाच्या डोळ्यामागे आरशासारखा थर असतो, तो उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. म्हणून टॉर्च कानशिलाजवळ धरली तर दूरवरचे डोळे चमकलेले दिसतात, कमरेशी धरली तर तेच जनावर सापडत नाही. धुक्यात याच्या अगदी उलट. कार्तिकात तलावावरून धुकं उठलं की कानशिलाजवळच्या टॉर्चपुढे पांढरी भिंत उभी राहते, ती कमरेखाली नेली की वाट दिसू लागते. आणि जागलीवाल्याने एक गोष्ट गाठीशी बांधावी: डुकराच्या डोळ्यात तो आरसा नसतो. चमकणारे डोळे शोधत बारीक लांब झोत फिरवणाऱ्याच्या समोरून कळप लोंबी खाऊन जातो. डुक्कर शोधायला पसरट, मध्यम उजेड लागतो, म्हणजे हलणारं अंग दिसतं.

त्यामुळे किती लुमेनची घेऊ असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, बघायचं काय आहे? धुऱ्यावर पाय टाकण्याआधी मण्यार दिसायला हवी असेल, तर शंभर लुमेनचा किंचित पिवळसर उजेड पुरतो. तलावापलीकडचा काठ बघायचा असेल तर लुमेन सोडा, कॅन्डेला वाचा. आणि हातातली टॉर्च आधी एकदा चिंधीने पुसून बघा. नव्या टॉर्चचे पैसे वाचले तर त्यातून एक खरा सेल विकत घ्या आणि भरून खिशात ठेवा. पहाटेपर्यंत कुठल्याही टर्बोपेक्षा तोच जास्त उजेड देतो.