बॅकस्पेसचे दोन आकडे

शनिवारी रात्री सर्व्हर अपग्रेड करा, सोमवारी सकाळचा पहिला फोन बॅकस्पेसचा असतो. डेटाबेस ठणठणीत, बॅकअप झालेला. पण अक्षर खोडायला जावं तर पडद्यावर टोपीवाला एच (^एच) उमटतो. होम दाबलं की कर्सर जागचा हलत नाही, वर एक टिल्ड टाकून मोकळा होतो. तोवर कुणीतरी नवा कीबोर्डही जोडून पाहिलेला असतो. त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही दोष नसतो.

टर्मिनल एम्युलेटर हे सोंग आहे. डेक कंपनीच्या व्हीटी100 या टर्मिनलचं आणि त्याच्या पुढच्या भावंडांचं सोंग. त्यातल्या प्रोग्रॅमला ‘की’ कळत नाही, फक्त बाइट कळतात. बॅकस्पेससाठी दोन दावेदार आहेत: आस्कीतला 8 (हाच कंट्रोल-एच), म्हणजे एक घर मागे सरक, आणि 127, म्हणजे खोड. हा 127 कागदी टेपच्या जमान्यातला. टेपला पडलेलं भोक बुजवता येत नाही, पण उरलेली पाडता येतात. सातही भोकं पाडली की चुकलेलं अक्षर बाद. व्हीटी100 वर दोन्ही की वेगवेगळ्या होत्या. 1983 च्या व्हीटी220 वर खोडण्याची मुख्य की 127 पाठवू लागली. इमॅक्समध्ये कंट्रोल-एच म्हणजे मदत, म्हणून तिथली मंडळी 8 ला हात लावू देत नाहीत. डेबियनने तर नियमच केला: बॅकस्पेस म्हणजे 127, डिलीटचा कोड वेगळा. मला तो पटतो, पण सगळं जग डेबियन नाही.

म्हणून सेटिंग बदलण्याआधी बाइट बघावा. बॅशमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग ती की दाबली की कच्चा कोड दिसतो. मग ‘एसटीटीवाय -ए’ चालवून कर्नल खोडण्यासाठी कशाची वाट बघतोय ते वाचायचं. दोन्हींत फरक सापडला तर तो जुळवून घेतला की बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. होमचं त्रांगडं निराळं. एस्केपनंतर कुठे ‘[एच’ जातं, कुठे ‘ओएच’, कुठे ‘[1~’. वाचणाऱ्याला तिसरा प्रकार अर्धवटच कळला, तर शेपटाकडचा टिल्ड पडद्यावर उरतो. बॅशपुरता इलाज ‘इनपुटआरसी’ फाइलमधल्या एका ओळीत होतो.

खरी गोम टर्म या व्हेरिएबलमध्ये असते. त्यातलं नाव वाचून प्रोग्रॅम टर्मिन्फोच्या कोठारात त्या टर्मिनलची नोंद शोधतो. कधी अपग्रेड सर्व्हरचं नसून लॅपटॉपचं असतं आणि त्यावर नवं टर्मिनल येतं, समजा किटी. ते आपलं नाव ‘एक्सटर्म-किटी’ सांगतं, आणि पलीकडच्या जुन्या सर्व्हरने ते कधी ऐकलेलंच नसतं. अशा वेळी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे ‘बॅशआरसी’मध्ये टर्मला ‘एक्सटर्म’ करून टाकणं. मला तो अजिबात आवडत नाही. आज तक्रार मिटते, पण पुढे टीमक्समध्ये रंग आणि फंक्शन की घोळ घालतात, आणि ही ओळ कुणी लिहिली हे तेव्हा कुणालाच आठवत नाही. त्यापेक्षा आपल्या मशीनवर ‘इन्फोकंप -एक्स’ने नोंद काढावी, एसएसएचवरून पलीकडे पाठवावी आणि ‘टिक -एक्स’ने बसवावी. ती होम डिरेक्टरीतच बसते, रूटचे पाय धरावे लागत नाहीत.

आपल्या लिपीची यात एक वेगळी गंमत आहे. ‘म’ हे अक्षर यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटचं. टर्मिनलचा ‘आययूटीएफ8’ हा झेंडा बंद असेल, तर साध्या ‘कॅट’पुढे मराठी टाइप करून बॅकस्पेस दाबल्यावर कर्नल एकच बाइट खोडतो. पडद्यावरून अक्षर गेलेलं दिसतं, पण त्याचे दोन बाइट ओळीत राहतात आणि फाइलमध्ये कचरा म्हणून उतरतात. बॅशच्या प्रॉम्प्टवर हे सहसा जाणवत नाही, कारण तिथे खोडण्याचं काम बॅशची रीडलाइन लायब्ररी स्वतः करते. म्हणून मराठीची तक्रार आली की मी ‘एसटीटीवाय -ए’च्या यादीत हा झेंडा आधी शोधतो. त्याच्या आधी उणे चिन्ह असेल तर ‘एसटीटीवाय आययूटीएफ8’ एवढंच लिहायचं.