खुंटीवरचा भोपळा

अमडापूर, ता. चिखली
पाडव्यानंतरचा रविवार

चि. सोनूस,


परवा व्हिडिओ कॉलवर जावईबापूंनी माझ्या मागच्या खुंटीवरचा भोपळा पाहिला आणि हे कोणतं वाद्य म्हणून विचारलं. तू हसलीस, पण उत्तर तुलाही आलं नाही. मग बोलता बोलता म्हणालीस, उन्हाळ्यात उट्रेख्तच्या कालव्यांतून होडीने हिंडायचं ठरतंय, छकुलीला छातीशी बांधायला कापडी झोळीही आणलीय. झोळी ऐकली आणि माझ्या पोटात गोळा आला. फोनवर सांगायला घेतलं असतं तर छकुलीने मध्येच भोकाड पसरलं असतं, म्हणून लिहिते.

जावईबापू तसे फार चुकले नाहीत. वारकऱ्याच्या वीणेलाही भोपळाच असतो. आपला मात्र पोहण्याचा आहे, आणि त्याची गोष्ट तुझ्या बाबापासून सुरू होते.

आपल्या अमडापुरात नाव म्हणजे पोरांनी पावसाळ्यात सोडलेली कागदाची. बल्लाळदेवीच्या टेकडीवर चढून चहूकडे पाहिलंस तरी नावाडी दिसायचा नाही. तुझ्या आजीने होडीत पहिलं पाऊल ठेवलं ते पंढरपुरात, कार्तिकीला. मी तेव्हा चौथीत होते आणि तुझा बाबा नऊ महिन्यांचा. चंद्रभागेतून गोपाळपुराकडे विष्णुपदाला जायचं होतं. आजीने काय केलं, लुगड्याचा पदर बाळाभोवती दोनदा फिरवला, त्याला छातीशी आवळलं आणि कमरेला घट्ट गाठ मारली. शेतात जाताना करायची तशीच. बाळाच्या अंगात कुंची, वर दुपटं. बाळ झोपलंसुद्धा.

नावाड्याने वल्हं उचललंच नाही. म्हणाला, "आक्का, आधी गाठ सोडा."

"काहून?"

"तुमी बुडाला तर त्याला बी संगं न्याल."

सोनू, यात्रेच्या जागी असं अभद्र बोललेलं आजी ऐकून घेणारी नव्हे. तिने त्याला शेगावच्या महाराजांची कथा ऐकवली. सोमवतीला ओंकारेश्वरी महाराजांची नाव खडकावर आदळून छिद्र पडलं, तेव्हा खुद्द नर्मदेने कोळिणीच्या रूपात येऊन त्या छिद्राला हात लावला. दासगणूंच्या 'गजानन विजय'चा 14 वा अध्याय तिला तोंडपाठ होता. नावाड्याने सगळं शांतपणे ऐकलं, हात जोडले आणि म्हणाला, "त्या नावंत महाराज व्हते. हितं मी हाय."

गाठ सुटली. त्याने फळीखालून दोराने जोडलेले दोन सुके भोपळे काढले, आजीजवळ ठेवले आणि दोराचं टोक तिच्या मनगटाला वेढून दिलं. लेकरू एका हातावर मोकळं, दुसऱ्या हातात भोपळ्यांचा दोर. मग वल्हं पाण्यात पडलं. नाव बुडाली नाही, डगमगलीही नाही. काहीच झालं नाही. भोपळ्यातल्या बिया खुळखुळत होत्या, तुझा बाबा जागा होऊन त्यांना हात लावत होता, एवढंच माझ्या लक्षात आहे. परतताना आजीने नावाड्याकडून त्या भोपळ्याच्या बियांची पुडी मागून घेतली.

त्या बियांचा वेल आपल्या गोठ्यावर चढला. भोपळा वेलावरच देठ वाळेपर्यंत ठेवायचा, मग धुरात टांगायचा. कवच लाकडासारखं होतं, आत हवा आणि बिया. वापरण्याआधी दरवेळी बादलीत दाबून धरायचा. बुडबुडा आला की तो भोपळा बाद, मग तो कितीही देखणा असो. घरातली सगळी पोरं त्यावरच विहिरीत पोहायला शिकली. आधी दोन भोपळे, मग एक, मग नुसता कमरेला दोर आणि त्याचं टोक पायरीवर बसलेल्या आजोबांच्या हातात. तुझ्या बाबाने शेवटी जो सोडला, तोच खुंटीवर आहे.

आता झोळीचं. तुझ्या आजीच्या पदरात आणि तुझ्या झोळीत फरक एवढाच की तुझी विकतची आहे. लेकरू आपल्याला बांधलेलं असलं की आईला वाटतं, आता ते सुरक्षित. जमिनीवर ते खरंही आहे. पाण्यात मात्र आईच्या अंगाखाली दबलेलं मूल आपल्या आपण वर येऊ शकत नाही, आणि ओल्या गाठीवर बोटं चालत नाहीत. मोटारीतली बाळाची खुर्ची होडीत बांधणं हाही तोच प्रकार. ती बाळासकट तळाला जाते. होडीत बाळ मांडीवर मोकळं हवं, त्याच्या अंगात त्याचं स्वतःचं जॅकेट हवं, आणि तुझ्याही अंगात हवं. हे शेवटचं बायका विसरतात. नावाड्याने दोर आजीच्या हातात दिला होता, बाळाच्या नाही.

भोपळ्याची भलामण करते म्हणून त्याचा दोष झाकत नाही. पाठीला बांधलेला भोपळा माणूस तरंगवतो, पण तोंड पाण्यात जातं. मोठं पोर मान वर काढतं. तान्ह्याचं डोकंच अंगाच्या मानाने जड, ते पालथं पडलं की तसंच राहतं. म्हणून तान्ह्यांच्या जॅकेटला मानेमागे जाड कॉलर असते, ती तोंड आभाळाकडे ठेवते. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर जॅकेट वर सरकतं आणि लेकरू खाली निसटतं. कॉलरला उचलायची मूठ हवी. आकार वयावर नाही, वजनावर घ्यायचा. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठा घ्यायची आपली सवय इथे नको. घालून दोन्ही खांद्यांना धरून वर उचल. हनुवटी नि कान आत गेले तर परत कर. मापाचं मिळालंच नाही तर या उन्हाळ्यात होडी नको, कालवे कुठे पळून जात नाहीत.

जॅकेट घातलं की ती रडणार. लंगोट बांधतानाही रडत होतीस तू. आधी घरात घालून खेळव, मग टबात, मग होडीत. पाण्यावरून ऊन उलटं येतं, छत असलं तरी खालून लागतं. वारा वेगळाच, भिजलेलं तान्हं मोठ्यांपेक्षा फार लवकर गार पडतं, म्हणून कोरडे कपडे दोन जोड ने. मी पाठवलेली कुंची खुशाल घाल, कान झाकते, फक्त नाडी गळ्याशी आवळू नकोस. इंजिनाच्या बाजूला, मागे बसू नका, तिथे धूर साठतो.

आणि होडीत पाय ठेवतानाच मोठ्याने विचार, आत्ता लेकरू कोणाकडे? एकाचंच नाव ठरलं पाहिजे. सगळे बघतायत म्हटलं की बारभाईचा कारभार होतो.

मी म्हातारी उगाच भिववते असं वाटेल. पण चंद्रभागा म्हणजे भीमाच. ज्या भीमेच्या पाण्यात आजीने गाठ सोडली, त्याच भीमेवर, उजनी धरणाच्या फुगवट्यात, 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सातांतला एक पोहत काठाला लागला. सहा गेले, त्यात दोन लेकरं, एक दीड वर्षाचं आणि एक तीन वर्षांचं. आपल्या विदर्भात वरूड तालुक्यात 14 सप्टेंबर 2021 ला वर्धा नदीत 11 जण गेले. दशक्रियेला जमलेला गोतावळा होता. आणि 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची वेगवान बोट धडकली, 15 जण दगावले. तिथे घाबरलेले आईबाप पोरं समुद्रात टाकायला निघाले होते, निदान ती तरी कोणी उचलेल म्हणून. गस्ती बोटीतून आलेल्या जवानांनी ओरडून त्यांना थांबवलं आणि आधी पोरं उचलून घेतली. ती बातमी वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तुमच्याकडे म्हणे पोरांना कपड्यांसकट पोहून दाखवल्याशिवाय पोहण्याचं प्रमाणपत्र देत नाहीत. हे मला फार आवडलं. पाण्यात पडणारं पोर कपडे काढून थोडंच पडतं! आजी असती तर डच लोकांना शहाणे म्हणाली असती, आणि ती सहसा कोणाला म्हणत नसे.

भोपळा पाठव म्हणू नकोस. आत बिया आहेत, विमानतळावर अडवतील, आणि फोडला तर तो भोपळा राहणार नाही. छकुली जरा मोठी झाली की दिवाळीला घेऊन ये. उन्हाळ्यात नको, दिवाळीत विहिरीला पाणी असतं.

तुझी,
आत्या