उरलेलं कोणाच्या ताटात?

बार्शीकडच्या गावांत रात्रीच्या स्वयंपाकात दोन-चार भाकऱ्या मुद्दाम जास्तीच्या थापल्या जात. पहाटे रानात निघणाऱ्या माणसाला चूल पेटण्याआधी पोटात काहीतरी हवं असे. ते काहीतरी म्हणजे रात्रीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि असलंच तर दही. धुवट फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवलेली ज्वारीची भाकरी सकाळपर्यंत कडक होई. ताकात कुस्करली की पुन्हा मऊ पडे. सोलापूरच्या कडक भाकऱ्या आज पुड्यांतून दूरदूरच्या शहरांत विकल्या जातात. पातळ थापलेली, पूर्ण सुकवलेली, दिवसेंदिवस टिकणारी ती भाकरी त्याच घरगुती शहाणपणातून व्यवसायापर्यंत पोचली आहे.

अशा गावात वाढलेली, पुण्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेली आणि आता कोथरूडच्या छोट्या फ्लॅटमध्ये नवऱ्याबरोबर दोघांचाच संसार करणारी एक शिक्षिका आहे. उरलेल्या अन्नाशी तिचं नातं आयुष्यभराचं. त्या नात्यात पाककृती पुष्कळ आहेत, पण तिला विचारलं तर ती पाककृतींच्या आधी दुसरंच विचारते: उरलेलं खायचं कोणी?

लहानपणी हा प्रश्न तिला पडला नव्हता. शिळं खाण्यात कमीपणा नाही, हे घरातच दिसत होतं. श्रावणात शुद्ध सप्तमीला शिळासप्तमी यायची. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, सप्तमीला चुलीला विसावा द्यायचा आणि घरातल्या सगळ्यांनी, अगदी आजोबांनीसुद्धा, गारच जेवायचं. वर्षातला तो एक दिवस असा होता, की सगळ्यांच्या ताटात एकसारखं शिळं अन्न असे.

१९७२ च्या दुष्काळात जास्तीची भाकरी थापणं थांबलं. रेशनवर मिलो आला. अमेरिकेतून आलेली ही तांबडी ज्वारी. तिची भाकरी लालसर आणि बेचव लागे. बायका-पुरुष खडी फोडायला, रस्त्याच्या आणि बांधांच्या कामांवर जात. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. पोरांना मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा सुका खाऊ, ही त्या पिढीची कायमची आठवण आहे. त्या दिवसांत तिची आई दुरडीच्या तळाशी साठलेला भाकरीचा चुरासुद्धा फडक्यातून झटकून घ्यायची आणि आमटीत टाकायची. आमटी दाट व्हायची, एक माणूस जास्त जेवायचा.

लग्न होऊन ती नारायण पेठेतल्या वाड्यात आली तेव्हा भाकरीची जागा पोळीने घेतली. घरात दहा-बारा माणसं. सासूबाई सोमवारी रात्री चूल पेटवत नसत. तो काही देवाचा उपास नव्हता. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातलं एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं आणि घरोघर सोमवारची संध्याकाळ ठरली. पुढे धान्याची टंचाई सरली, पण सासूबाईंनी सोमवार सोडला नाही. फक्त त्या रात्री घरात जे काही उरलेलं असेल ते संपवायचं, असं त्याला वळण दिलं.

पोळीचा कुस्करा तिने तिथे शिकून घेतला. शिळी पोळी हातानेच कुस्करायची. मिक्सरमध्ये फिरवली की पीठ होतं आणि खाताना घास लागत नाही. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा, मूठभर दाणे. त्यावर कुस्करलेली पोळी, मीठ, चिमूटभर साखर, वरून ताकाचा हबका आणि घट्ट झाकण. सगळं गुपित त्या झाकणाखालच्या वाफेत आहे. पोळी गार झाली की गव्हातला स्टार्च हळूहळू घट्ट बांधला जातो आणि पोळी चामट होते. ओली वाफ मिळाली की तो पुन्हा सैल पडतो. फोडणीचा भात कालच्याच भाताचा चांगला होतो, त्यालाही हेच कारण: शीत गार होऊन आवळलेलं असतं, म्हणून परतताना मोकळं राहतं. ताज्या भाताचा तोच प्रकार केला तर लगदा होतो. पोळीचा लाडू तर त्याहून सोपा. चुरा, किसलेला गूळ, तूप, हवी असल्यास वेलची.

त्या वाड्यातलं स्वयंपाकघर काहीच फेकत नसे. दोडक्याच्या शिरा किसून, तीळ आणि सुकं खोबरं घालून, तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतलेली चटणी भाजीपेक्षा आधी संपायची. पुरणाची डाळ शिजवून काढलेला कट कटाच्या आमटीत जाई, आणि ती आमटी नसेल तर पुरणपोळीचं जेवण पुरं होत नसे. सायीचं विरजण, विरजणाचं लोणी, लोण्याचं तूप आणि तूप गाळल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली खरपूस बेरी. ती साखर घालून मुलांच्या हातावर पडे किंवा कणकेत मळली जाई. फणसाच्या आठळ्या पावसाळ्यासाठी राखून ठेवायच्या, हे कोकणातून आलेल्या जावेने घरात आणलं. उरलेल्या आमटीत चकोल्या सोडायच्या, उरलेली भाजी थालीपिठाच्या भाजणीत मळायची. यातली एकही गोष्ट काटकसर म्हणून कोणी नाक मुरडत खात नसे. या मुळातच चांगल्या पाककृती आहेत.

पण त्याच वाड्यात तिला तो प्रश्न पडला. पुरुष आणि मुलं आधी जेवायची, बायका शेवटी. गरम पोळी ज्याच्या त्याच्या ताटात गेली, की कालची पोळी कोणाच्या वाट्याला येणार हे ठरलेलंच होतं. कुस्करा भरपूर असला तर सगळ्यांना. एकच पोळी उरली असली तर सून ती चहात बुडवून खाई आणि त्याला जेवण म्हणे. घरात अन्न वाया जात नाही याचा सगळ्यांना अभिमान होता. ते वाचवण्यासाठी कोणाचं ताट रोज निम्मं राहतंय, याकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्याची कारणं बरीच आहेत, पण शेवटी जेवणारी आणि उरलेल्यावर भागवणारी बाई त्या आकड्यात नक्की आहे.

दुसरा धडा तिला पुस्तकांनी दिला. तिच्या माहेरी संध्याकाळी मागच्या दारी कोणीतरी भाकरी मागायला येई, आणि आई दुरडीतली शिळी भाकरी वरून टाके. लहानपणी तिला ते दान वाटे. शाळेत शिकवायला लागल्यावर तिने १९७८ मध्ये आलेलं दया पवारांचं दलित आत्मकथन ‘बलुतं’ वाचलं, आणि त्या दाराची दुसरी बाजू तिला दिसली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि दारोदारचे उष्टे-शिळे तुकडे खाणं सोडून द्यायला सांगितलं होतं. म्हणजे ज्या घरांना आपण काही फुकट घालवत नाही याचं समाधान होतं, त्यांचं ते समाधान कित्येकदा दुसऱ्याच्या अपमानावर उभं होतं. तेव्हापासून तिने आपल्या घरी एक रीत पाळली आहे. कामाला येणाऱ्या ताईंना द्यायचं ते ताजं, आपण खातो त्यातलंच. जे आपल्याला खाववत नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही.

मग फ्रिज आला. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात बनलेला पहिला फ्रिज बाजारात आणला, पण मध्यमवर्गीय मराठी घरांत तो पोचायला पुढची बरीच वर्षं गेली. त्याआधी जाळीचं कपाट होतं, शिंकं होतं आणि पाण्याच्या परातीत ठेवलेलं दुधाचं पातेलं होतं. तिथे ठेवलेलं अन्न संध्याकाळपर्यंत संपवणं भागच होतं, कारण ते डोळ्यांसमोर होतं आणि लवकर वास मारत होतं. फ्रिजने ही घाई काढून घेतली. स्टीलच्या वाट्या एकीमागे एक सरकत गेल्या, आणि मागच्या वाटीत नेमकं काय आहे हे विसरलं जाऊ लागलं. तिच्या मते शहरी घरातली नासाडी याच मागच्या रांगेत होते. म्हणून तिच्या फ्रिजमध्ये आता उरलेलं अन्न काचेच्या भांड्यांतच असतं, आणि ते सगळ्यात पुढच्या रांगेत, नजरेच्या उंचीवर.

पोळी मात्र ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवत नाही. तिथल्या थंडीत स्टार्च बाहेरपेक्षाही लवकर घट्ट होतो. उद्याच संपवायची असेल तर झाकणाच्या डब्यात बाहेर, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. भाताच्या बाबतीत ती फार कडक आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजलेला भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ते वाढतात. उलट्या आणणारं त्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करायचा, तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात ती टाकून देते. अन्न वाचवायच्या नादात कोणाचं पोट बिघडवणं तिला मान्य नाही.

दोन माणसांच्या घरात खरी अडचण वेगळीच असते. मोठ्या घरात उरलेलं संपवायला पोटं असतात. इथे पाव किलो भाजीसुद्धा दोन वेळा पुरते आणि तिसऱ्या वेळी नकोशी होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात, २०२२ साली जगभरात वाया गेलेल्या १०५ कोटी टन अन्नापैकी सुमारे ६० टक्के घराघरांतून गेलं, असा अंदाज आहे. भारतातल्या घरांसाठी तो अंदाज दरडोई वर्षाला ५५ किलो इतका आहे. यात साली-देठही धरलेले आहेत आणि भारताचा आकडा मोजक्या ठिकाणच्या पाहण्यांवरून काढलेला आहे, पण हिशेब करून बघण्यासारखा आहे. दोघांचे मिळून वर्षाला ११० किलो, म्हणजे रोज ३०० ग्रॅम. एक वाटी भाजी, मूदभर भात आणि दोन पोळ्या.

या ३०० ग्रॅमवर तिचा उपाय स्वयंपाकाच्या आधी सुरू होतो. मंडईत लाल भोपळ्याची फोड मिळते, पाव किलो गवार मिळते, दहा रुपयांची कोथिंबीर मिळते. बंद पाकिटात भाजी ठरलेल्या वजनाचीच घ्यावी लागते. म्हणून ती मंडईत जाते. कोबीचा गड्डा मोठा असेल तर अर्धा शेजारी जातो, चिरण्याआधी, ताजा. तांदूळ वाटीने मोजला जातो. मूठ-मूठ टाकायची सवय दहा माणसांच्या घरात ठीक होती, दोघांत ती रोज एक वाटी भात उरवते.

साली, देठ, कोयी तरीही राहतातच. पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र विकसित केलं. त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार सरळ आहे: शेण हे गाईने आधीच पचवलेलं असतं, उरलेल्या भातात आणि पिठात मात्र जिवाणूंसाठी भरपूर खाद्य शिल्लक असतं, म्हणून त्यातून गॅस झपाट्याने आणि जास्त मिळतो. तिच्या सोसायटीत जागा नाही, म्हणून गॅलरीतल्या कुंडीत खत होतं आणि जे उरतं ते ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंच्या ओल्या बादलीत वेगळं जातं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओल्या-सुक्याचं हे वर्गीकरण प्रत्येक घराला बंधनकारक केलं. सुक्यात मिसळलेलं उरलेलं अन्न या ताईंना हाताने उपसावं लागतं. पुण्याचा न वेगळा केलेला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या कचरा डेपोशेजारच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला आहे, हे पुणेकरांनी विसरू नये.

निवृत्तीनंतर घरात एक बदल झाला आणि तो तिला सगळ्यांत मोलाचा वाटतो. सकाळी फ्रिज उघडून काय उरलंय ते आता नवरा बघतो. आजचा स्वयंपाक त्यावर ठरतो. कुस्करा तोच करतो, कांदा जरा जास्त घालतो. एकच पोळी उरली असेल तर ती अर्धी-अर्धी होते.

तुमच्या घरात दोन माणसं असोत की पाच, आज संध्याकाळी गॅस पेटवण्याआधी फ्रिजच्या मागच्या रांगेतली प्रत्येक वाटी ओट्यावर काढा. जे खाण्याजोगं असेल ते फोडणीला टाका, आणि वाढताना ते घरातल्या प्रत्येकाच्या ताटात सारखं वाढा.